सावंतांचं लोटलेलं दार

परवा पापडाचं पाकीट फोडलं आणि हिंगाच्या वासाबरोबर घाटकोपरच्या आमच्या चाळीतलं सावंतांचं दार आठवलं.

चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. आमचे अध्यक्ष प्रत्येक सभेत सांगत की आपण सगळे एक कुटुंब आहोत. याचा अर्थ आम्ही एवढाच घेतला होता की कुणाच्याही घरात डोकवायला हरकत नाही. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी मात्र सावंतांचं दार रोज दुपारी लोटलेलं दिसू लागलं.

"दिवसाढवळ्या दार कशाक लावतत?" शेजारच्या काकी मला म्हणाल्या. "तू शिकलेलो, तूच बघ जावन."

विरजण मागायचं निमित्त करून मी दार ढकललं. वीस वर्षं माग चालवलेले सावंत मांडी घालून पापड लाटत होते आणि वहिनी ते पसरत होत्या. मला बघताच सावंतांनी लाटणं पाठीमागे घेतलं.

"बाहेर बोलू नको रे," ते म्हणाले.

बाहेर गॅलरीत सगळे वाटच बघत होते. "गिरणी बंद, पण सावंतांची पोळपाटावर डबल शिफ्ट चालू आहे," मी म्हणालो. चाळ मनसोक्त हसली. ते वाक्य सुचल्याचा मला चार दिवस अभिमान होता.

दुसऱ्या दिवसापासून ते दार सताड उघडं राहिलं. आत वहिनी एकट्याच लाटत. सावंत सकाळी डबा घेऊन निघत आणि दिवेलागणीला परतत. दिवसभर ते कुठे बसतात, हे त्यांना कुणीच विचारलं नाही. तेवढा खासगीपणा आम्ही त्यांना दिला.