मागच्या चाकातले तणस

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट आहे. आमच्या शेतात एक बोडी होती, म्हणजे पाऊण एकराचे लहान तळे. गाळाने ती इतकी भरली होती की धानाला जेमतेम एक पाणी पुरायची. थोरल्या भावाला ती बुजवून तिथे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरे, करायच्या होत्या, तर माझ्या बायकोला तिच्यात मासळी वाढवायची होती. तिच्या माहेरच्या तळ्यात मासळी होती, आणि बोडी बुजवायचे म्हटले की ती दिवसभर बोलायची नाही.

आदल्या पावसाळ्यात मी साकोलीकडून मासळीचे बीज मोटारसायकलवर आणले होते. वाटेत चाक पंक्चर झाले, उशीर झाला, आणि पिशव्या उघडल्या तेव्हा बहुतेक पिल्ले पोट वर करून तरंगत होती. भाऊ म्हणाला, अजून एकदा आणून पाहा, पण तेही मेले तर उन्हाळ्यात बोडी बुजवायची. मी कबूल केले. जमिनीचा हिशेब त्याच्या बाजूने होता.

सारी अडचण वाटेची होती. महामार्गापासून आमचे गाव नऊ किलोमीटर, आणि तिथवर बैलबंडीची वाट. पावसाळ्याच्या तोंडावर लोक धुऱ्यांवरच्या, म्हणजे बांधांवरच्या, बाभळी छाटून शेतांना कुंपण घालत. फांद्या वाटेनेच ओढत नेत आणि काटे मागे राहत. ते टायरमधून आरपार जात. बंडीने बीज आणावे तर तिला अर्धा दिवस लागे आणि पिशव्यांतला प्राणवायू तेवढा पुरत नसे.

म्हणून हिवाळ्यात, धान घरी आल्यावर, काट्यांवर काय उपाय चालेल ते मी पाहायला लागलो. आधी जुन्या टायरची पट्टी कापून ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवली. काटे अडले, पण पट्टीच्या कडेने घासून ट्यूबच फाटली. मग तुमसरच्या गिरणीतून पोतेभर तूस आणले आणि ट्यूबशिवाय टायरमध्ये ठोकून भरले. गावाबाहेर पडेपर्यंत तुसाचा भुगा झाला आणि ट्यूबची नळी जिथून बाहेर येते त्या भोकातून सांडू लागला. भाऊ मागून चालत होता. म्हणाला, "हळू चाल गा. कोंबड्या मांगं लागल्या."

शेवटी एक जास्तीची ट्यूब जवळ ठेवायची, एवढ्यावरच मी थांबलो.

बीज आणायला बायको सोबत आली. दोन पिशव्या पोत्यात गुंडाळून तिने मांडीवर धरल्या होत्या. महामार्ग सोडल्यावर पहिला काटा लागला. ट्यूब बदलून निघालो. दुसरा काटा लागला तेव्हा चिखलामुळे मला लवकर कळले नाही. टायर रिमवर सरकला आणि ट्यूब नळीच्या बुडाशी फाटली. तिथे ठिगळ बसत नाही. पहिल्या ट्यूबला लावलेले ठिगळ पावसात चिकटेना. गाव अजून चार किलोमीटर होते. बायकोने पिशवी उजेडाकडे धरली. पिल्ले वर येऊन तोंडे उघडत होती.

जवळ एका शेतकऱ्याचा गुरांचा कोठा होता, शेजारी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग. मी तणस मुठीमुठीने टायरमध्ये कोंबायला लागलो.

"सुटं नोका भरू जी," ती म्हणाली. "त्याचा तुसावानी भुगा होईन. दोर वळा."

कापणीत भारे बांधायला आम्ही दोघेही तणसाचे दोर वळत आलो होतो. मला ते कसे सुचले नाही कोण जाणे. पिशव्या कोठ्याच्या आडोशाला ठेवल्या, तणस भिजवले, एक टोक तिने धरले, दुसरे मी. मनगटाएवढा दोर झाला की टायरमध्ये घालून दांडक्याने ठोकायचा, मग पुढचा. पाच दोर मावले. टायर रिमवर चढवला आणि पहिल्या गिअरमध्ये निघालो. मागचे चाक खडकावरून चालल्यासारखे उसळत होते. तिने पिशव्या छातीशी धरल्या.

भाऊ बोडीच्या पारीवर, काठाच्या बांधावर, उभा होता. तो तिचा भासरा, त्यामुळे दोघांनी थेट बोलायची रीत नव्हती. टायरच्या कडेतून बाहेर आलेल्या काड्या पाहून तो मला म्हणाला, "आता गाडीले तणस चारून राहिला का बाबू?" मग तिला ऐकू जाईल अशा बेताने, "विचार, जिते हायेत का?"

तिने पिशव्या तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतले पाणी बोडीच्या पाण्याइतके गार होऊ दिले आणि मग तोंड सोडले. एका पिशवीतली जवळजवळ सगळी पिल्ले पोहत निघून गेली. दुसरीतली निम्मी मेली होती. एकाच पोत्यातल्या दोन पिशव्यांत हा फरक का पडला, ते मला अजून कळलेले नाही. भाऊ मेलेली पिल्ले पाहत बराच वेळ बसला आणि मग घरी गेला.

टायर उघडला तेव्हा दोर चपटे आणि गरम झाले होते, पण शाबूत होते. टायरची एक कड मात्र रिमने कापली होती. म्हणून ट्यूबऐवजी तणस भरा, असे मी कोणाला सांगत नाही. चार किलोमीटर, सावकाश, गरज असेल तर, एवढेच. कोठेवाल्याला दुसऱ्या दिवशी तेवढे तणस नेऊन दिले.

माघात बोडी आटू लागली तेव्हा जाळे टाकले. रोहू हातभर नव्हते, वीतभराहून थोडे मोठे होते. त्या दिवशी भाऊ दोनदा वाढून घेऊन जेवला. तो हात धूत होता तेव्हा बायको आत चुलीशी होती. तो मला म्हणाला, "पुढच्या साली बीज आनाले जाशीन तवा दोर आधीच वळून ठेवजो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.