बारा भोकांचा सत्कार

सत्काराची शाल बघितली की माझं डोकं अजून फिरतं. नंदुरबारला मी मुलीला रोज सकाळी स्केटिंगला सोडायचो. शिकवणाऱ्या बाई एकेकाळी चाकांच्या स्केटवरच्या जोडीनृत्यात देशात पहिल्या आलेल्या. जोडीदारानं खेळ सोडला, तशा त्या गावी परतल्या आणि शिकवू लागल्या. शेजारीच मिरची वाळवायची पथारी होती, म्हणून वर्गाआधी त्या स्केटिंगच्या अख्ख्या फरशीवरून अनवाणी चालत. मिरचीचं बी पायाला लागलं तरी वाकून उचलत.

मग आम्हा पालकांना त्यांचा सत्कार सुचला. शाल झाली, नारळ झाला, भाषणांत प्रत्येकानं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर बाई फरशीवर गुडघे टेकून बसलेल्या. मांडवाच्या खांबांसाठी फरशीला बारा भोकं पाडली होती. स्केटिंग करता येईल अशी आमच्याकडे तेवढी एकच फरशी. बाई सत्काराच्या शालीनं सिमेंटची भुकटी पुसत होत्या.

"भरून घेऊ की, त्यात काय," सत्कार समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"भरेल जागावर चाक अडकनं ते पोर तोंडवर पडी," बाई म्हणाल्या. त्यांनी शाल झटकली आणि अध्यक्षांच्या हातात दिली. "शाल लई जा भाऊ. मन्ही फरशी तेवढी परत द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षांना चार शब्द सुनावायला मी पुढे झालो, आणि तिथंच थांबलो. वारा फार आहे, खांब फरशीतच पक्के रोवा, असं मांडववाल्याला मीच सांगितलं होतं.