कुठल्याच यादीत नसलेली गारपीट

जुन्या वादळांच्या गोष्टी गोळा करायचा मला नाद आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना सांगायला नको. मागे पानशेतच्या पुराबद्दल लिहिलं आणि चिखलीहून आत्याचा फोन आला. "त्याच सुमाराले आमच्या गावात गार झाली होती. माणसं मेली. ते काऊन नाही लिहिलं?" मी खूप शोधलं. एक ओळही सापडली नाही. मग म्हटलं, चल, जाऊनच येऊ. आधी तिनं उन्हाचं कारण सांगितलं, मग हो म्हणाली.

त्या गारपिटीत माझे आजोबा गेले, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. आजी आठ वर्षांच्या आत्याला आणि पाळण्यातल्या माझ्या बाबांना घेऊन चिखलीला माहेरी आली. पुढे बाबा पुण्यात स्थिरावले. आत्या चिखलीतच राहिली आणि अडीच तासांच्या वाटेवरच्या आपल्या गावी साठ वर्षांत एकदाही फिरकली नाही.

फाल्गुनात निघालो. जाणार असाल तर याच दिवसांत जा, पण पाणी भरपूर घ्या. चिखलीहून बुलढाण्याला एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडसमोर गरम कचोरी खाल्ली. आत्यानं माझ्यातली अर्धी काढून घेतली, "पुण्याच्या पोटाले झेपत नाही" म्हणून. मग मोताळ्याची जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घड्याळ पिशवीत ठेवा.

राजूर घाटात पळस पेटला होता. खाली सगळा मुलूख धुरकट उन्हात तरंगत होता. शेतं कुठे संपतात आणि आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. मला डुलकी लागत होती. तेवढ्यात आत्या खिडकीबाहेर बघतच बोलायला लागली.

गारा पडू लागल्या की घरातला लोखंडी तवा अंगणात पालथा फेकायचा, म्हणजे गार थांबते, अशी त्या भागातली रीत. त्या दुपारी आजोबा शेतात बैल सोडायला धावले होते. बाळ रडत होतं, आजीनं त्याला छातीशी धरलं आणि आत्याला ओरडून सांगितलं, तवा फेक.

"म्या नाही फेकला. मले भेव वाटलं. कणगीमागं लपून बसली," आत्या म्हणाली. आजोबांना बैलगाडीवर घालून आणलं तेव्हा आजी दुःखाच्या भरात बोलून गेली होती, तवा टाकला असता तर हे झालं नसतं. पुन्हा तो विषय दोघींनीही कधी काढला नाही. आत्या शिक्षिका होती, जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं. तरीही. मी तिचा हात धरून बसले.

रोहिणखेडला उतरून जुनी दगडी मशीद पाहिली. कोरीवकाम बघायला निवांत वेळ ठेवा. आत गारवा होता, पारवे घुमत होते, आणि आत्याला पुढे जायची मुळीच घाई नव्हती. शेवटी मीच रिक्षा ठरवली. गावाचं नाव लिहीत नाही, आत्यानं बजावलंय.

तिथे आत्याला ओळखणारी एकच बाई उरली होती, शेजारची अनसूयाबाई. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. आता नजर अधू झालेली, पण आवाज ऐकताच म्हणाली, "सुमन होय का व?" ज्वारीची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत पुढे आलं. आत्यानं घासही न घेता जीपमधलं सगळं जसंच्या तसं तिला सांगितलं.

अनसूयाबाईनं नीट ऐकून घेतलं. "समद्या गावानं तवा फेकला होता व त्या दिशी," ती म्हणाली. "आमचा तर म्या सोताच्या हातानं फेकला. तरी माहा भाऊ गेलाच ना? दुसऱ्या दिशी बाया तवे हुडकत फिरत होत्या. पोचे पडेल होते समदे. कोणता कोणाचा, समजे ना."

आत्या रडली नाही. थोड्या वेळानं तिनं भाकरी मोडली आणि दुसरी मागून घेतली.

परतीची एसटी दुपारी चारला होती. त्यानंतर काही मिळेलच असं नाही. गाडीत आत्या बोलतच राहिली. पण आता गारपिटीचं नाही, आजोबांचं, तिच्या अण्णांचं. ते बैलांना हाक कशी मारायचे, ताकात गूळ घालून कसे प्यायचे, किती मोठ्यानं हसायचे. आम्हाला इतकी वर्षं त्यांचं फक्त मरण माहीत होतं.

पुण्याला येऊन आठवडा झाला. लिहायला बसले तर गारा केवढ्या होत्या, किती घरं पडली, यातलं काहीच माझ्याकडे नाही. पण आल्यापासून रोज संध्याकाळी आत्याचा बाबांना फोन येतो, आणि तिचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो. काल बाबांनी, पासष्टीला टेकलेल्या माणसानं, मधेच तिला थांबवून विचारलं,

"ताई, अण्णा उंच होते का गं?"

"उंच? दारातून वाकून येत जाय ते."

बाबा फोन कानाशी धरूनच आमच्या दारापाशी गेले आणि वरच्या चौकटीला हात लावून कितीतरी वेळ तिथेच उभे राहिले.