वर हिरवे, खाली डार्क

आमच्या हिंगणघाटातल्या एका साडीवाल्या शेठचा मला फार राग येतो. माझं काचकामाचं दुकान आहे आणि गेले तीन महिने तो दर रविवारी टेप घेऊन येतो. घरातल्या हॉलची एक अख्खी भिंत भरून त्याला परदेशी सरडे, अजगर आणि बेडूक ठेवायचे आहेत. त्यांच्यासाठी चोवीस काचेच्या पेट्या हव्यात.

बोलताना तो काचेची कड अशी चाचपतो, जसा काही साडीचा पदरच. "वरती हिरवे, मधात पिवळे, खाली डार्क. पाहुणा पाह्यतच राह्यला पाहिजे!" मग मोबाइलवर एखादा बेडूक दाखवतो. "याच्यात अजून कोणते शेड येत असतीन, भाऊ?" तो बेडूक काय खातो, आमच्या उन्हाळ्यात तगेल का, हे त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

परवा मीच विचारलं, "शेठ, अजगर दोन फुटाच्या पेटीत मावन काय?"

"खायले कमी देऊ. मंग वाढन कसा?"

"अन् मेला तं?"

"विकणारा बदलून देते नं!"

याच्या दुकानात एखादी बाई ब्लाउजपीस बदलायला आली, की हा तोंडातून शब्द काढत नाही. भिंतीवरच्या पाटीकडे नुसतं बोट दाखवतो: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मीही तेच केलं. त्याचा टेप त्याच्या हातात दिला आणि नुसतं बोट दाखवलं. दाराकडे.