पाहुण्यांसमोर वाजलेली कॅसेट

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी कामथडीत बसून एक प्रायोगिक सिंथ-पॉप अल्बम काढला. त्याची एकच प्रत निघाली.

नसरापूरच्या बँडवाल्या मित्राचा कॅसिओ उसना आणला होता. त्याचे लांबलचक सूर, विहिरीच्या मोटारीची घरघर आणि मधूनमधून माझं हुंकार देणं. शब्द नाहीत. कॅसेटच्या कागदावर मी लिहिलं, ‘धुकं आणि एकांत आवडणाऱ्यांसाठी’. (आमच्या घरात असं कुणी नव्हतं.)

तेवढ्यात ताईला बघायला वेल्ह्याकडचे पाहुणे यायचे ठरले. याआधी दोन स्थळं परत गेली होती, त्यामुळे आप्पांना धड जेवण जात नव्हतं.

आई म्हणाली, "टेपवर सनई लाव. बारीक आवाजात."

पण मुलगा पुण्यात कंपनीत होता. मला वाटलं, हाच आपला श्रोता. मी माझी कॅसेट लावली.

पोहे फिरत होते आणि वीज गेली. मी टेप सेलवर टाकला. सेल अर्धमेले, त्यामुळे कॅसेट रडतखडत फिरू लागली. माझा हुंकार विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल, ओला झाला. भर दुपारी घर गार पडलं. गोठ्यात गाय रवंथ करायची थांबली. पोहे तोंडात तसेच ठेवून सगळे कोपऱ्यातल्या अंधाराकडे बघू लागले. खरं सांगतो, मलाही भीती वाटली!

आणि मुलाची आई डोलू लागली. केस सुटले, डोळे पांढरे झाले.

माझ्या आईनं धावत जाऊन हळदीकुंकू आणलं, त्यांना लावलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कोण आलंय बाई? काय चुकलं आमचं?"

घोगरा आवाज आला, "बंद कर."

"काय बंद करू, आई?"

"ते वाजतंय ते. पुन्यांदा लावू नगंस."

आप्पांनी टेपातले सेलच उपसले आणि हात जोडून विचारलं, "आन् आमची पोरगी?"

"पोरगी गुणाची हाय. पसंत हाय. तुझ्या पोराला आवर."

लग्न झालं. आपल्या संगीतानं साक्षात देवी उतरते, हे मी पुढं दोन वर्षं अर्ध्या तालुक्याला ऐकवलं. दिवाळीला माहेरी आलेल्या ताईलाही ऐकवायला गेलो.

ताई हसत सुटली. "आरं, सासूबाईंच्या अंगात कुनीबी येत न्हाई."

"मग त्या दिवशी?"

"डोस्कं उठलं हुतं त्यांचं. परक्याच्या घरी 'बंद करा' कसं म्हनायचं? दुसरं काय सुचंना त्यास्नी."

म्हणजे तो देवीचा कौल नव्हताच. ते माझ्या अल्बमचं परीक्षण होतं.