धागा-सफेद्याचा जोड

ती घटना आठवली की आजही नाकात गॅसचा वास भरल्यासारखं होतं. निवृत्तीपूर्वी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. तारकर्लीकडच्या एका घरगुती लॉजच्या स्वयंपाकघरात भडका उडाला होता आणि मालकीणबाई भाजल्या होत्या. पाहुणे पुढच्या खोल्यांत झोपलेले होते म्हणून वाचले. बाई बेशुद्ध होत्या. जबाब इतक्यात घेता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी पंचनाम्याला पोहोचेपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला होता. आमच्या खबऱ्याने कानाशी येऊन सांगितलं, की आदल्या संध्याकाळी मालकाचा चुलतभाऊ घरामागे सिलिंडरपाशी वाकलेला दिसला. मालकाने फिर्यादीतही त्याचंच नाव घातलं. माडांच्या हद्दीवरून दोघांचं बोलणं कधीपासून बंद होतं. भाऊबंदकीत लोकांना पुरावा लागत नाही, तो ते घरून घेऊन येतात.

चुलतभावाला ठाण्यात आणलं. पन्नाशीचा, काटक, मान खाली. बाहेर गर्दी जमली होती. ‘आमच्या ताब्यात द्या’ इथवर मजल गेली होती. बाई दगावल्या असत्या तर या माणसावर खुनाचं कलम लागलं असतं. वरूनही फोन येत होते, अटक दाखवा म्हणून.

“सिलिंडरला हात लावलास?” मी विचारलं.

“लावलंय. वास इलो, म्हणान व्हॉल बंद केलंय.”

“मग घरात सांगायचं नाही?”

“आमचा बोलणा नाय, सायबानू.”

कोण विश्वास ठेवणार? सकाळी व्हॉल्व्ह उघडाच सापडला होता. तो बाईंनी चहासाठी उघडला असेल तर हा निर्दोष. पण ते सांगणाऱ्या बाई शुद्धीवर नव्हत्या. माझा स्वभाव तापट, तरी त्या दिवशी अटकेची घाई मी केली नाही. खोटं बोलणारा माणूस कारण मोठं सांगतो. याने सांगितलेलं कारण इतकं क्षुल्लक होतं, की ते खरं असावं असं मला वाटत होतं.

मी पंचांसह पुन्हा घटनास्थळी गेलो. सिलिंडरपासून स्वयंपाकघरात लोखंडी पाइप नेला होता. गॅस एजन्सीच्या मेकॅनिकला बोलावून, सिलिंडर हलवून, पाइपात हवा भरून, प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासला. ओट्याखालचा एक जोड गळत होता. त्यावरचा रंग मात्र अखंड होता. कुणी पाना लावून जोड सैल केला असता तर रंगाची कड फुटली असती. मेकॅनिकने जोड उघडला. आत आट्यांवर सुकून कडक झालेला धागा आणि भुगा झालेला सफेदा, धाग्यावर फासतात तो पांढरा लेप. म्हणजे नळाच्या कामाला लावतात ते सामान! पाण्यात धागा फुगतो आणि फट बुजवतो. गॅसमध्ये ओलावाच नसतो. धागा सुकतो, सफेद्याला तडे जातात आणि गॅस वाट काढतो. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, उभ्या माणसाला वास उशिरा येतो. तिथे डबीवर गॅससाठी म्हणून छापलेलं असतं तो सीलंट किंवा गॅसची जाड पिवळी टेपच हवी होती.

लाइन जोडणाऱ्या फिटरला बोलावलं. मूळचा पंप आणि नळाचा माणूस, हात चांगला म्हणून पंचक्रोशीत नाव.

“गॅसचोच सीलंट लावलंय, सायबानू,” तो ठाम होता.

उघडलेला जोड मी टेबलावर ठेवला. तो म्हणाला, मागाहून कुणीतरी बदलला असेल. चुलतभाऊ शेजारच्या खोलीत बसलेला त्याला दिसत होता, त्यामुळे धीर आला असावा. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी होते.

मी आवाज चढवला नाही. म्हणालो, “ठीक आहे. मग तू जोडलेल्या बाकीच्या घरांची आम्हाला काळजी नाही. पेटू देत तिथल्या चुली.”

तो एकदम उठून उभा राहिला.

“सायबानू, माझ्या भयणीगेर पण मीच जोडलंय. धागो-सफेदोच लावलंय. पाण्याक कधी एक थेंब गळाक नाय, म्हणान...”

मी त्याच्याच फोनवरून बहिणीला फोन लावायला सांगितला, स्पीकरवर.

“गॅसचो वास येता रे मघापासून,” ती म्हणाली. “थांब, पंखो लावतंय.”

“बटनाक हात लावू नको गो!” तो किंचाळला. “आसस तशी भायर ये! पोरांका घी आणि भायर ये!”

फोन पडल्याचा आवाज आला. नंतर कुणीच बोलेना. अख्खं ठाणं त्या एका फोनकडे बघत उभं होतं. मग दुरून, अंगणातून, तिची हाक आली. आमच्या हवालदाराने डोळे पुसले. मीही पुसले, लपवत नाही. तिच्या घराबाहेरचा व्हॉल्व्ह शेजाऱ्याकडून बंद करवला आणि बाकीच्या घरांकडे गाड्या सोडल्या. फिटरवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की वाईट हेतू शोधताना चांगली सवय तपासायची राहून जाते. त्या फिटरचा हात चोख होता आणि नेमका त्याच हातावर त्याचा विश्वास होता. तेव्हापासून कुणाकडे गॅसची लाइन दिसली की जोडाला काय लावलंय ते मी विचारतो आणि साबणाचं पाणी लावून बघायला सांगतो. घरचे हसतात, हसू देत.

बाई वाचल्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनीच सांगितलं, व्हॉल्व्ह सकाळी बंद होता, मीच उघडला.

पण त्याआधीच, फिटरच्या जबाबानंतर, मी चुलतभावाला मोकळं केलं होतं. “तुझ्यावर काही नाही, घरी जा,” म्हटलं. तो बाकावरून उठेना.

“वयनीक एक हाक मारलंय आसतंय तर...” एवढंच म्हणाला आणि रडू लागला.

त्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं. असतं तर त्याने ते आनंदाने घेतलं असतं.