पाठीवर कोकरू

गोरेगाव ह्या आमच्या खेड्यात गल्लीतलं एक पोरगं मेंढरामागं पळून पळून फौजेत निवडलं गेलं. पाय वाऱ्यासारखे, पण हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा. ट्रेनिंगात पुशअप न्हाई जमले तर घरी धाडतील, ह्याचीच त्याला धास्ती.

मंग आधी पारावर हात टेकून पुशअप, मंग पायरीवर, मंग जमिनीवर. शेवटी तर पाठीवर कोकरू! खाली जाताना "हां", वर येताना "बराबर!", मधीच कोकराचं "बेंऽऽ". मी तिन्ही आवाज काढायचो, हॉटेलात लोकांचा चहा सांडायचा. पोरगं नुसतं म्हणायचं, "काहून चिडवून राहिला बे?"

जायच्या दिवशी जीपमधी बसताना त्यानं मला बाजूला ओढलं. मला वाटलं, आता हाणतंय.

"माय एकटी हाय. अधूनमधून तिच्यापुढं माझी नक्कल करत जा."

आठवड्यानं गेलो. अंगणात पालथा पडून "हां, बराबर!" केलं. माय हसली, उठली न् तेच कोकरू आणून माझ्या पाठीवर ठेवलं. मला काही केल्या वर उठता येईना.

माय डोळे पुसत म्हणली, "तुला न्हाई जमत. मंग माझं लेकरू टिकतंय तिथं."